मुलांकडे तोंड करून बसलेला मास्तर

मास्तर म्हटला की मराठी माणसाला आधी छडी आठवते आणि मागोमाग हसू येते. पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ साली आले आणि त्यातले चितळे मास्तर घराघरांत पोचले. आचार्य अत्रे तर स्वतःच मास्तर. लंडनला जाऊन त्यांनी अध्यापनाची पदविका घेतली, पुण्याच्या कॅम्पातली शाळा सांभाळली आणि त्याच माणसाने महाराष्ट्राला पोट धरून हसवले. मास्तर आणि विनोद यांचे नाते आपल्याकडे असे जुने आहे.

हल्लीची मुले मात्र आणखी एका मास्तरावर खूश आहेत. तो जपानी आहे आणि त्याचे नाव ओनिझुका. तोहरू फुजिसावा यांची 'ग्रेट टीचर ओनिझुका' ही चित्रकथा १९९७ ते २००२ या काळात साप्ताहिकातून येत होती. १९९९-२००० मध्ये तिच्यावर ४३ भागांची कार्टून मालिका निघाली. अशा मालिकांना जपानीत 'अ‍ॅनिमे' म्हणतात. ओनिझुका बावीस वर्षांचा, मोटरसायकलवाल्या टोळीतून आलेला दांडगट. अभ्यासात यथातथाच. त्याला एक वर्ग मिळतो आणि तो वर्ग मास्तरांना पळवून लावण्यात पटाईत असतो. पुढे काय धमाल होते, ती मुलांनाच विचारा.

त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. एका विद्यार्थिनीचे आईबाप गरीब असताना सारे कुटुंब एका खोलीत राहायचे, बोलायचे, हसायचे. पैसा आला, मोठे घर झाले, प्रत्येकाला वेगळी खोली मिळाली आणि बोलणे थांबले. हा मास्तर घण घेऊन तिच्या घरी जातो आणि मधली भिंतच फोडतो! नालासोपाऱ्याच्या चाळीतून विरारच्या टॉवरमध्ये गेलेल्या कितीतरी कुटुंबांना ही गोष्ट आपली वाटेल.

आता प्रश्न असा की, असा मास्तर खरोखर असतो का? की तो फक्त पडद्यावर शोभतो? याचे उत्तर शोधायला जपानला जायची गरज नाही. आपल्या पालघर जिल्ह्यातच ते मिळते. पण त्याआधी थोडे मागे जाऊ.

आपली जुनी शाळा पंतोजींची. धुळीच्या पाटीवर अक्षरे गिरवायची, संध्याकाळी परवचा म्हणायचा, पावकी-निमकी घोकायची आणि चुकले की अंगठे धरून उभे राहायचे. मशिदीशेजारच्या मकतबात भाषा वेगळी, छडी तीच. मुलाला पहिल्या दिवशी घेऊन जाणारे वडील मौलवीसाहेबांना सांगायचे, 'गोश्त आपका, हड्डी हमारी.' म्हणजे मांस तुमचे, हाडे तेवढी आम्हाला परत द्या! यात क्रूरपणा होता असे त्यांना वाटत नसे. मार खाल्ल्याशिवाय विद्या येत नाही, याबद्दल हिंदू-मुसलमान दोघांचेही एकमत होते.

पण याच मौलवींच्या परंपरेत एक अवलियाही होऊन गेला. मुल्ला नसरुद्दीन. तुर्कस्तानात त्याला 'होजा' म्हणतात आणि होजा म्हणजे शिक्षक. अक्शेहीर गावात आजही त्याची कबर दाखवतात. त्याची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तो गाढवावर उलटा बसून चाललेला असतो आणि मागून त्याचे शिष्य येत असतात. लोक हसतात. तो म्हणतो, सुलटा बसलो तर माझी पाठ यांच्याकडे होते. यांना पुढे चालू दिले तर यांची पाठ माझ्याकडे होते. उलटा बसलो की आम्ही समोरासमोर असतो! लोकांना जो वेडेपणा दिसतो, तो मास्तरच्या बाजूने पाहिला तर साधा हिशेब असतो. त्याचे लक्ष रस्त्याकडे नसते, मुलांकडे असते.

गाढवावर असे उलटे बसायचे धाडस गुजरातेत एका वकिलाने केले. गिजुभाई बधेका त्यांचे नाव. जन्म १८८५चा. पूर्व आफ्रिकेत जाऊन आलेले, मग वकिली करणारे. घरात मुलगा जन्मला आणि याला कुठल्या शाळेत घालावे, या काळजीने ते माँटेसरीबाईंची पुस्तके वाचू लागले. १९१६ साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२०मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर काढले. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले.

गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' हे छोटे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी जरूर वाचावे. लक्ष्मीराम नावाचा एक मास्तर शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि चौथीचा वर्ग वर्षभर मागून घेतो, प्रयोगासाठी. पहिल्याच दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि वर्गात असा गोंधळ माजतो की विचारू नका. बेत पार फसतो. मुख्याध्यापक वैतागतात, सहकारी गालात हसतात. दुसऱ्या दिवशी तो शहाणा होतो आणि गोष्ट सांगायला बसतो. मग मुले जागची हलत नाहीत. पुढे तो क्रमिक पुस्तकांच्या पैशांतून गोष्टींची पुस्तके आणून वर्गाचे वाचनालय करतो, मुलांना मैदानावर नेतो, नाटक बसवतो. हे सारे त्याच्याच तोंडून येते, आणि स्वतःची फजिती तो लपवत नाही. ओनिझुकाच्या कितीतरी आधी आपल्या शेजारी गुजरातीत त्याचा हा साधा, धोतर नेसणारा भाऊ जन्मला होता.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लक्ष्मीरामच्या वर्गात मुले होती. आईबापांनी त्यांना शाळेत घातले होते. ज्यांनी शाळेचा उंबरठाच पाहिला नाही, त्यांचे काय? खेळकर मास्तरापुढचा खरा अवघड प्रश्न हा होता. तो आपल्याकडे सोडवला गेला, आणि सोडवणाऱ्या दोघी बायका होत्या.

ताराबाई मोडक १८९२ साली मुंबईत जन्मल्या, पदवीधर झाल्या. राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या गिजुभाईंच्या कामात गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे मुंबईला परतून त्यांनी दादरला शिशुविहार चालवले. शहरातल्या सुशिक्षित घरांत बालशिक्षणाचा बोलबाला झाला. इथे थांबल्या असत्या तरी नाव झाले असते. पण वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५च्या डिसेंबरात, त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला अनुताई वाघ होत्या, पस्तीस वर्षांच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशा आयुष्यातून शिकून उभी राहिलेली ही बाई.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यांना शिक्षणाची आवडच नाही. या दोघींनी बालवाडी उचलली आणि त्या वस्तीतल्या अंगणात नेऊन मांडली. तीच ही 'अंगणवाडी'. बाई आधी मुलांना आंघोळ घालायच्या, नखे कापायच्या, केस विंचरायच्या आणि मग गाणे सुरू व्हायचे. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून बिया, खडे, शंख-शिंपले, पाने हीच साधने झाली. मोजायला चिंचोके आणि रंग ओळखायला फुले!

१९४५ हे साल या भागात साधे नव्हते. त्याच वर्षी गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या साथीने वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. सावकार-जमीनदाराच्या शेतावर जिथे बापच बांधलेला, तिथे मूल मोकळे कसे असेल? ते गुरे राखायचे, नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडायचे. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा हा पेच रोजचाच झाला. त्यावरची उत्तरे पाहा. मुलगी भावंडामुळे येत नाही? मग शाळेला पाळणाघर जोडा. मुलगा गुरांमागे कुरणात आहे? मग शाळा कुरणात भरवा. तिला नावही तसेच मिळाले, 'कुरणशाळा'. गुरे चरताहेत, मास्तर झाडाखाली, भोवती पोरे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणाऱ्या या प्रयोगाला त्यांनी 'विकासवाडी' म्हटले.

बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळच वाटला असेल. घंटा नाही, बाके नाहीत, हजेरीपटाचा धाक नाही. पण ओनिझुकाने एका घरातली एक भिंत फोडली. या दोघींनी शाळेच्याच चारही भिंती काढून टाकल्या, आणि तेही आवाज न करता. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी पुढे जवळजवळ वीस वर्षे काम चालवले. त्यांचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' आजही वाचनीय आहे. १९९२ साली त्याही गेल्या. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांचे नाव आपल्या बोर्डीच्या अंगणातून गेले, हे वसई-विरारच्या किती मुलांना ठाऊक असेल?

कोसबाडनंतर ही वाट थांबली नाही. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबे भातकापणी उरकली की वीटभट्ट्यांवर उतरतात, वसई-भिवंडीकडे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष भट्टीवर. ही माणसे राहतात त्या तात्पुरत्या खोपटाला 'भोंगा' म्हणतात. गणेशपुरीजवळच्या उसगाव डोंगरीच्या विधायक संसद या संस्थेने, विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने, १९९०च्या दशकात भट्टीवरच शाळा भरवायला सुरुवात केली. तिचे नाव 'भोंगाशाळा'. आईबाप चिखल तुडवताहेत, विटा थापताहेत आणि बाजूच्या भोंग्यात पोरे अक्षरे गिरवताहेत. ताराबाई असत्या तर ही शाळा त्यांना लगेच ओळखू आली असती.

आता जरा कडू बोलतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी केली. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने खेळातून शिक्षण हा शब्द लिहून घेतला. गिजुभाई जिंकले, असे म्हणायला हरकत नाही. पण मास्तरचे तोंड मुलांकडे राहिले का? ते कागदाकडे वळले. रमेश इंगळे उत्रादकर यांची 'निशाणी डावा अंगठा' ही कादंबरी २००५ साली आली. बुलढाण्याकडच्या साक्षरता मोहिमेवरची ती कादंबरी वाचताना हसून हसून मुरकुंडी वळते आणि मग गलबलून येते. त्यातला मास्तर शिकवण्यापेक्षा शिकवल्याचे कागद रंगवण्यात बुडालेला आहे. आज कागदाच्या जागी मोबाइल आला, इतकाच फरक. पोषण आहाराचे आकडे भरा, फोटो चढवा, मतदारयाद्या करा, सर्वेक्षण करा. अंगणवाडीच्या बाईंचीही हीच गत. जिच्या हातात चिंचोके असायला हवेत, तिच्या हातात मोबाइल दिला.

दुसरीकडे पैसेवाल्या शाळा 'हसत-खेळत शिक्षण' म्हणून जाहिराती करतात आणि त्याची भरभक्कम फी घेतात. ज्या कल्पनेने गुराख्याच्या पोरासाठी कुरण गाठले, ती आता गेटच्या आत तिकीट लावून बसली आहे.

विनोदी मालिकेतला मास्तर आपल्याला आवडतो, कारण तो एकटा असतो आणि बाकीची शाळा त्याच्या विरुद्ध असते. पडद्यावर हे ठीक. दोन भागांत एक विद्यार्थी सुधारतो, तिसऱ्यात दुसरा. कोसबाडच्या टेकडीवर तेवढ्याच कामाला वर्षे लागली, आणि ते करणारी माणसे विक्षिप्त नव्हती, चिकट होती. फरक एवढाच की, मूल का आले नाही याचा दोष त्यांनी मुलाला दिला नाही. आपल्या शाळेत काय कमी आहे, ते पाहिले.

तेव्हा या आठवड्यात एक करा. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत दहा मिनिटे डोकावून या. तिथल्या बाईंना विचारा, आज मुलांना गोष्ट सांगायला वेळ मिळाला का? 'नाही' म्हणाल्या तर का नाही, तेही विचारा. आणि मग ते उत्तर घेऊन आपल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे जा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)