लाक्षा, लाख आणि लिस्टरची पट्टी

अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील पाचवे सूक्त लाक्षेस उद्देशून आहे. दंडाने, बाणाने अथवा ज्वालेने झालेला व्रण तिने भरून आणावा, अशी त्यात प्रार्थना आहे. प्लक्ष, अश्वत्थ, खदिर, धव, न्यग्रोध आणि पर्ण ह्या वृक्षांपासून ती निघते, असेही म्हटले आहे. पर्ण म्हणजे आपला पळस. काही पाश्चात्त्य पंडितांनी ही एखादी वनस्पती मानली. परंतु अनेक वृक्षांवर आढळणे आणि अंगावर लव असणे ह्या खुणा लाखेच्या किड्यांच्या थरास अधिक जुळतात. लाक्षा, लक्खा, लाख ही शब्दपरंपरा सरळ आहे. किडे लाखोंनी असतात म्हणून ती लाख, ही मात्र लोकव्युत्पत्ती समजावी. संख्यावाचक लाख ‘लक्ष’पासून आला.

एवढ्यावरून वैदिक ऋषींना जंतुशास्त्र ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. त्याला आधार नाही. सूक्तात व्रण आहे, रोपण आहे, जंतू नाहीत. ते लाखेच्या इतिहासात आले ते फार उशिरा, आणि तेही ग्लासगो येथे.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी जोसेफ लिस्टर ह्यांनी तेथील रॉयल इन्फर्मरीत गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. हाड कातडी फोडून बाहेर आले की जखम सडे आणि बहुधा अवयव कापावा लागे. हा पाय वाचला. पाश्चरच्या संशोधनावरून लिस्टर ह्यांनी सडण्याचे कारण जंतूंत शोधले होते. परंतु आम्ल बाष्परूपाने उडून जाई आणि अधिक वापरले तर मांसच जाळी. ते हळूहळू सुटेल अशा धारकाची गरज होती. प्रथम खडूची पूड व जवसाचे तेल ह्यांचा लगदा झाला. तो ठिसूळ व गैरसोयीचा ठरला.

१८६८ मध्ये त्यांनी लाखेची पट्टी पुढे आणली. सुमारे तीन भाग लाख व एक भाग कार्बोलिक आम्ल एकत्र वितळवून ते कापडावर पसरावयाचे. लाख आम्लास घट्ट धरून ठेवी, म्हणून ते दीर्घकाळ थोडेथोडे सुटे. पट्टी कातडीस चिकटू नये म्हणून तीवर गटापर्चाचा पातळ थर देत. त्यातून आम्ल पार होई. येथे जंतू मारणारे द्रव्य आम्ल होते, लाख नव्हे, हे ध्यानी ठेवावयास हवे.

मादी किडा डहाळीवर बसून राळ स्रवतो, स्वतःस तीत पुरून घेतो आणि श्वासासाठी छिद्रे मोकळी ठेवतो. बाहेरच्यास अडविणारे, पण आतील व्यवहार चालू ठेवणारे हे आवरण लिस्टर ह्यांच्या मनात असल्याचा पुरावा नाही. त्यांनी निसर्गापासून पदार्थ घेतला, निसर्गावरून रचना घेतली नाही. ‘पासून’ आणि ‘वरून’ ह्यांतील हे अंतर १९८१ मध्ये शिंपल्याच्या चिकट प्रथिनातील डोपा ओळखला गेल्यावर आणि २००२ पासून शार्कच्या त्वचेसारख्या खरबरीत पृष्ठांचा अभ्यास सुरू झाल्यावर ठळक झाले. ह्या पृष्ठांत औषध नसतेच. जंतूंस बसावयास जागाच प्रतिकूल केलेली असते.

१८७१ च्या सुमारास राळ व पॅराफिन लावलेल्या जाळीदार कापडाने लाखेची पट्टी मागे टाकली. औषधी गोळ्यांवरील शेलॅकच्या लेपात मात्र लाख अजून आहे. त्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरांत जुनी लाक्षाही आहे.