रानकॉफीचे एकुलते झाड

मॉरिशसचे नाव आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची कितीतरी माणसे तिथल्या उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली आणि तिथलीच झाली. त्या मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरांवर रॉड्रिग्ज नावाचे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. आकार म्हणाल तर अवघा १०८ चौरस किलोमीटर. ते मॉरिशसच्याच राज्यात मोडते.

१६९१ साली फ्रांस्वा लेगा हा फ्रेंच गृहस्थ सोबत्यांसह तेथे उतरला, तेव्हा बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. झाडी दाट होती. आणि भुईवर कासवे इतकी, की त्यांच्या पाठींवरून शंभरावर पावले चालत जाता येईल, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे ही कासवे मांसासाठी जहाजे भरभरून नेली, रान तोडले, जाळले आणि गुरे-शेळ्या मोकाट सोडल्या. १८७४ साली शुक्राचे अधिक्रमण पाहायला आलेल्या इंग्रज मोहिमेबरोबर बॅल्फर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आले, तोवर रानाची पुष्कळ नासाडी झालेली होती.

या बेटावर कॉफीच्या कुळातले एक झुडूप होते. लोक त्याला 'काफे मारोन' म्हणजे रानकॉफी म्हणत. फुले पांढरी, चांदणीसारखी. रोप लहान असते तेव्हा पाने लांब, चिंचोळी, मळकट तपकिरी. मोठे झाले की रुंद आणि हिरवीगार. कासवांना चुकवण्याची ही युक्ती असावी, असे जाणकार म्हणतात. पण शेळी मागच्या पायांवर उभी राहून काय काय ओरबाडते, हे तुम्हांला मी कशाला सांगू! झाड दिसेनासे झाले. अनेक वर्षे ते नष्ट झाले असेच सगळे धरून चालले होते.

१९८० च्या सुमारास तिथल्या एका गुरुजींनी मुलांना गावरान झाडांच्या डहाळ्या आणायला सांगितल्या. एका मुलाने आणलेली डहाळी गुरुजींना ओळखता येईना. तपास केला, तर ती रानकॉफी निघाली! साऱ्या बेटावर तेवढे एकच झाड उरले होते, तेही शेळ्यांनी आणि किडीने गांजलेले.

बातमी फुटली मात्र, आणि झाडावर नवेच संकट आले. दारूची नशा उतरवायला आणि गुप्तरोगावर हे औषध, अशी लोकांची समजूत. जो तो फांद्या तोडू लागला. कुंपण घातले, ते लोकांनी ओलांडले. मग दुसरे, तिसरे कुंपण घालावे लागले.

१९८६ साली काही फांद्या विमानाने लंडनच्या क्यू वनस्पतिबागेत नेल्या. त्यांतली एक जगली. तिच्या फांद्यांपासून आणखी झाडे झाली, फुले आली, पण बी काही धरेना. आता बघा, कलमाने वाढवलेले प्रत्येक झाड म्हणजे तेच एक झाड. बी नाही, तर वंश कसला? सतरा वर्षे अशीच गेली.

मग कार्लोस मॅग्दालेना या स्पॅनिश माळ्याने चिकाटी धरली. फुलातल्या स्त्रीकेसराचे टोक कापायचे, कापल्या जागी पराग लावायचे. एक फूल, दुसरे, शेकडो. अखेर २००३ साली फळ धरले. त्यातले बी रुजले, आणि त्या रोपांना लांब, चिंचोळी, तपकिरी पाने फुटली. कलमांच्या झाडांना ती कधीच आली नव्हती. पुढे बियाणे रॉड्रिग्जला परत पाठवले, आणि तेथेही रोपे तयार झाली.