जुनाट कंबरदुखी आणि पिलाटेस

बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या कंबरदुखीस 'जुनाट' म्हटले जाते. बहुसंख्य रुग्णांत तपासण्या करूनही वेदनेचे एकच निश्चित कारण हाती लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने ग्रस्त होते. हे केवळ संगणकापुढे बसणाऱ्यांचे दुखणे नव्हे. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावांत सोयाबीनच्या निंदणाला व सोंगणीला तासन्‌तास कमरेत वाकावे लागते. मुलगा पुण्या-मुंबईत पिलाटेसच्या वर्गाला जातो आणि गावाकडची आई कमरेला पट्टा बांधून शेतात जाते, असे चित्र अनेक घरांत दिसेल. पिलाटेसमधील उपयुक्त भाग त्या आईपर्यंत पोहोचू शकतो काय, हा खरा प्रश्न आहे.

जोसेफ पिलाटेस (१८८३-१९६७) हे मूळचे जर्मन. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी ही पद्धत आकारास आणली. रुग्णांच्या खाटांना स्प्रिंगा जोडून ते व्यायाम करवीत, असे सांगितले जाते. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी व्यायामशाळा काढली. आपल्या पद्धतीस त्यांनी 'कंट्रोलॉजी' म्हटले होते आणि ते नाव अधिक सार्थ होते. येथे घाम गाळण्यापेक्षा हालचालीवरील ताबा महत्त्वाचा.

पोटाचा सर्वांत आतला स्नायू कमरेभोवती पट्ट्यासारखा आडवा असतो. तो आणि मणक्यालगतचे बारीक स्नायू मिळून कण्याला आधार देतात. त्यांना कामास लावणे हा या व्यायामाचा गाभा. उताणे झोपून गुडघे दुमडावेत, श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत घ्यावे आणि कंबर सावकाश उचलून तितक्याच सावकाश खाली आणावी. सेतुबंधासन जाणणाऱ्यांना ही हालचाल ओळखीची वाटेल. त्यासाठी सतरंजी पुरते. स्प्रिंगांच्या यंत्रावाचून अडत नाही.

२०१५ च्या कोक्रेन आढाव्यात १० चाचण्या व ५१० रुग्णांचा विचार झाला. नाममात्र उपचारांच्या तुलनेत पिलाटेसने वेदना व अडचण कमी झाल्याचे दिसले. मात्र इतर व्यायामांहून ते सरस असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. म्हणजे महागड्या वर्गाचे शुल्क परवडत नसल्यास खंत करण्याचे कारण नाही. नियमितपणे करता येईल तो व्यायाम चांगला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही व्यायामाची शिफारस करतात. कमरेचा पट्टा व ट्रॅक्शन यांचा सरसकट वापर मात्र करू नये, असे सांगतात.

दिवसभर राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला, असे विचारले जाते. परंतु सोंगणीत शरीर एकाच स्थितीत वाकलेले राहते. ते श्रम असतात, सर्वांगाचा व्यायाम नव्हे. अधूनमधून उभे राहून कंबर मागे ताणणे, हे पहिले पाऊल. व्यायाम सुरुवातीला फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

हाडे ठिसूळ झालेल्यांनी, विशेषतः पाळी बंद झालेल्या स्त्रियांनी, पाठ गोल करून पुढे वाकण्याचे वा गडगडण्याचे प्रकार टाळावेत. पायातील ताकद घटणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरता, लघवी-शौचावरील ताबा सुटणे यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे. वेदनेसोबत ताप वा अकारण वजन घटत असल्यास डॉक्टरांना दाखविण्यास विलंब करू नये.