ओक राहिला, नाईटिंगेल का गेला?

इंग्लंडात ओकचं झाड म्हणजे आपल्या वडा-पिंपळासारखं, जिकडेतिकडे दिसणारं आणि मानाचं. १६५१ मध्ये लढाई हरलेला राजा दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या एका ओकवर लपून वाचला. ‘रॉयल ओक’ नावाचे पब तिथे आजही गावोगाव आहेत.

नाईटिंगेलचा मानही तेवढाच. (हा आपला बुलबुल नव्हे. आपण सरोजिनीबाईंना भारत कोकिळा म्हणतो, तिथे इंग्रजीत हा पक्षी असतो.) १९ मे १९२४ च्या रात्री बीबीसीने सरे परगण्यातल्या एका बागेतून बिआट्रिस हॅरिसन यांचं चेलोवादन आणि सोबत झाडीतल्या नाईटिंगेलचं गाणं थेट रेडिओवर ऐकवलं. लोक वेडे झाले.

आज ओक आहे तिथेच आहे. नाईटिंगेल मात्र ब्रिटनमध्ये पन्नासेक वर्षांत ९० टक्क्यांहून जास्त घटला आणि २०१५ मध्ये लाल यादीत गेला.

असं का झालं? कुणी ओक तोडले म्हणून नाही. जुन्या रानांत मोठे ओक राखायचे आणि खालची हेझलची झुडपं काही वर्षांनी बुडापाशी छाटायची, अशी पद्धत होती. जळण, कुंपण, टोपल्या सगळं त्यातून निघायचं. छाटल्यावर दाट फुटवा यायचा आणि त्या गचपणात नाईटिंगेल जमिनीलगत घरटं करायचा. पुढे कोळसा आला, छाटणी थांबली. वरची सावली वाढली, खालचं रान विरळ झालं, उरलंसुरलं हरणांनी खाल्लं. हा पक्षी हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत जातो, तिकडच्या अडचणी वेगळ्याच. पण घरचा आसरा गेला तो असा. झाडं मोजणाऱ्याला रान शाबूत दिसलं, पण गाणारा गेला होता.

मला हा इतिहास आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडेही हिरवळ म्हणजे झाडांचा आकडा. २०१९ मध्ये राज्याचं लक्ष्य होतं ३३ कोटी. झाडं लावायला माझा विरोध नाही. पण माळरान आपल्या लेखी ‘पडीक’, झुडपं म्हणजे ‘कचरा’. चंडोल त्याच गवतात जमिनीवर घरटं करतो. माळढोकलाही उघडा माळच लागतो. तिथे ओळीने खड्डे खणले तर आकडा वाढेल, ते मात्र जातील.

आता पावसाळ्याआधी ग्रामसभेत वृक्षारोपणाचा विषय निघेल. जागा ठरवताना एक प्रश्न नक्की विचारा: या माळावर आत्ता कोण कोण राहतंय?