कल्हई उडालेलं पातेलं

कल्हईवाल्याची हाक आली की पनवेलच्या जुन्या आळ्यांमधून पितळी पातेली, तपेली बाहेर निघत. तो जमिनीत खड्डा करी, कोळसे पेटवी आणि भाता हलवू लागे. भांडं तापलं की आत नवसागराची चिमूट, पाठोपाठ कथलाचा ठिपका. कापसाचा बोळा सर्रकन फिरला की पिवळं पितळ चांदीसारखं उजळे. मग पाण्यात बुचकळताना चर्र असा आवाज.

तो पांढरा थर पहारेकरी होता. कल्हई उडाली की ताक, चिंच, आमसूल पितळेत कळकतं हे प्रत्येक घरात ठाऊक होतं. दुधाला मात्र ना रंग येई, ना चव बिघडे. त्यामुळे दुधाचा संशय कुणालाच आला नाही.

पनवेल हे औषधांचंही गाव. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली इथे ‘श्री धूतपापेश्वर’ची मुहूर्तमेढ रोवली. कुटकी घातलेली आरोग्यवर्धिनी वैद्य यकृताच्या विकारांवर पिढ्यान् पिढ्या देत आले आहेत. पण तान्ह्या मुलांच्या एका दुखण्यापुढे वैद्य आणि डॉक्टर दोघेही हतबल होते. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचं मूल किरकिर करू लागे, पोट फुगे, बरगड्यांखाली यकृत टणक लागे. पुढे कावीळ, जलोदर आणि बहुतेकदा काही महिन्यांत मृत्यू. ‘बाळाला लिव्हर झालंय’ हे शब्द ऐकले की घर हबकून जाई.

१८८७ मध्ये कलकत्त्याहून या रोगाची नोंद झाली. पुढे त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ हे नाव पडलं. एका पाठोपाठ एक भावंडं दगावत, म्हणून दोष रक्तातच असावा असं अनेकांना वाटे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस यकृताचे तुकडे तपासले गेले आणि त्यांत तांबं सापडलं. वाळवलेल्या यकृताच्या एका ग्रॅममध्ये एरवी ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबं असतं; या मुलांत ते हजाराच्याही वर जाई. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आनंद पंडित, शीला भावे आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी मग आयांना अगदी घरगुती प्रश्न विचारले. बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं? ते कशात तापवता, कशात ठेवता? उत्तरं पितळेच्या, म्हणजे तांबं मिसळलेल्या धातूच्या, भांड्यापाशी येऊन थांबत. १९८३ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरून ठेवतं आणि ते तांबं थेट बाळाच्या पोटात जातं.

पण त्याच आळीत, तसल्याच पातेल्यातलं दूध पिऊन कितीतरी मुलं धडधाकट वाढली. हे कसं?

जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. त्या कामातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ‘एटीपी७बी’. ते ज्या जनुकात लिहिलेलं असतं त्यात बिघाड झाला की विल्सनचा आजार होतो आणि साध्या जेवणातलं तांबंही यकृतात साठत जातं. तान्ह्या बाळाची ही यंत्रणा मुळातच कच्ची असते. तिच्यात जन्मजात उणीव असेल आणि वर पितळेतलं दूध, तर ते यकृत किती पेलणार?

ऑस्ट्रियातल्या टायरॉलच्या डोंगराळ गावांत हेच घडलं होतं. तिथे कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत बाळांसाठी दूध-पिठाची खीर शिजे. १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं गेली. वंशावळी मांडल्यावर दिसलं की आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच बाळ आजारी पडे. १९९८ मध्ये विल्सनचं जनुक तपासलं गेलं, पण दोष तिथे नव्हता. तो दुसऱ्याच कुठल्या जनुकात असणार. गावातली भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. माणसं तीच होती, त्यांची जनुकंही तीच.

पुण्यात लवकर निदान झालेल्या काही मुलांना तांबं बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइनने वाचवता आलं. पुढे आयांना सांगितलं गेलं की बाळाचं दूध स्टीलच्या नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात तापवा. तोवर घरोघरी स्टील येतच होतं. पितळी पातेली माळ्यावर चढली, कल्हईवाल्याच्या फेऱ्या विरळ झाल्या आणि ‘लिव्हर झालेली’ बाळंही दवाखान्यात येईनाशी झाली.