तिसरा दरवाजा

आमच्या घरात त्या गाडीच्या जन्माबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्या तिसऱ्या दरवाजाबद्दल. तात्यांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, महिंद्राची एफसी-१५० घेतली तेव्हा तिला दोनच दरवाजे होते. पुढे कधीतरी कराडच्या एका मिस्त्रींनी तिची केबिन मागून कापली, हौद्यात सरकवली, मध्ये बाक टाकला आणि डाव्या अंगाला आणखी एक दरवाजा काढला. कधी आणि कशापायी, हे ज्याला विचाराल तो वेगळं सांगतो.

तात्यांची हकिकत गँगची. ते विजेच्या लायनीचे छोटे ठेकेदार. कोयनेची वीज १९६२ मध्ये सुरू झाली आणि पाटणच्या डोंगरातली गावं आपल्या वाड्यावर तार कधी येते म्हणून वाट बघू लागली. खांब, लोखंडी कैच्या, तारेची भेंडोळी हौद्यात, आणि त्या सगळ्यावर गँग. एकदा कुंभार्लीच्या वळणावर, भर पावसात, कैची सरकून एका गड्याच्या पायावर आली. ‘माल दोरानं बांधतो आन् माणसं मोकळी सोडतो,’ असं म्हणत तात्यांनी दुसऱ्याच दिवशी गाडी मिस्त्रींच्या दारात लावली.

आत्या हे मानत नाही. तिच्या लेखी दरवाजा भूकंपानंतरचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनानगर हादरलं. आमच्या घरातली फडताळावरची भांडी खाली आली, आणि आत्याला त्या आवाजाची भीती अजून आहे. मुंबईची वीज तुटली, गिरण्या थांबल्या, हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिने पाहिलं ते एवढंच, की तात्या गाडी घेऊन पाटणकडे गेले आणि परतले तेव्हा उघड्या हौद्यात, डिसेंबरच्या थंडीत, बायका-पोरं गोधड्या पांघरून बसली होती. ‘तवाच त्यांनी ठरवलं,’ असं ती म्हणते. तात्या हे कधीच बोलले नाहीत, पण त्या फेरीबद्दल ते एकूणच काही बोलत नसत.

मिस्त्री गेले. त्यांचा मुलगा आज सत्तरीत आहे आणि गाडी पुन्हा उभी करायचं काम त्यानेच अंगावर घेतलं. त्याच्याकडे तिसरी आवृत्ती. ‘कसली गँग अन् कसला भूकंप! तुमच्या ड्रायव्हरला बाजाराच्या दिवशी पाशिंजर भरून वडाप मारायचं हुतं. त्यानंच तात्यांच्या डोक्यात भरवलं.’

ही एफसी मुळात अमेरिकन. विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ती आणली. रूप घडवणारा ब्रूक्स स्टीव्हन्स. जीपचीच चाल, पण ड्रायव्हर पुढच्या चाकांवर चढून बसलेला, त्यामुळे ८१ इंचांच्या व्हीलबेसवरही सहा फुटांच्या आसपास हौदा मिळाला. महिंद्राने आपल्याकडे ती १९६५ पासून बनवायला घेतली. इंजिन जीपचंच, चार सिलिंडरचं हरिकेन: इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. ते दोन सीटच्या मधोमध पत्र्याच्या झाकणाखाली बसतं. उन्हाळ्यात मांडी भाजायची, पण गँगचे डबे दुपारपर्यंत गरम राहायचे, याबद्दल मात्र तिन्ही साक्षीदारांचं एकमत आहे.

सगळा भार पुढे, म्हणून ही गाडी जोरात ब्रेक मारला की शेपूट उचलायला बघते. अमेरिकेत मागच्या आसाच्या वर चॅसीला लोखंडाचं वजनच बांधलं होतं. मिस्त्रींना हे कोण सांगणार? पण त्यांचा मुलगा सांगतो, की वडील म्हणाले होते, ‘मागं चार माणसं बसली की ही शहाण्यासारखी चालंल.’ ऐकीव गोष्ट आहे. तरी हे वाक्य मला खरं वाटतं, कारण ते पुस्तक वाचलेल्या माणसाचं नाही, गाडी चालवून बघितलेल्या माणसाचं आहे.

मग मागे दरवाजा एकच का? ह्या प्रश्नाने मला बाहेरच्या जगात नेलं. ट्रॅक्टर बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९५७ मध्ये ‘ट्रॅव्हलेट’ काढली. सहा माणसांची पिकअप अमेरिकेतल्या कारखान्यातून आली ती हीच पहिली. तिला दरवाजे तीन. मागचा एकच, ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला. चौथा यायला १९६१ उजाडलं. जर्मनीत फोक्सवॅगनने १९५८ च्या नोव्हेंबरात आपल्या ट्रान्सपोर्टरची दुहेरी केबिनची पिकअप आणली, तिलाही मागे एकच दरवाजा, आणि मागच्या बाकाखाली सामानाची जागा. खुद्द एफसीची चार दरवाजांची केबिन अमेरिकी सैन्यासाठी थोडीशी बनली, तीन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची. ती आज तिकडेही दुर्मिळ. कराडच्या शेडमधल्या माणसाने यातलं काही पाहिलं असण्याची शक्यता नाही. पण रस्त्याच्या बाजूला दरवाजा काढला तर उतरणारा गडी एसटीखाली जाईल, आणि दोन्हीकडून पत्रा कापला तर केबिन डुगडुगेल, हे तिन्ही ठिकाणी सारखंच खरं होतं.

गाडी उघडली तेव्हा काही उत्तरं मिळाली. मिस्त्रींनी केबिनची मागची भिंत काचेसकट अख्खी सोडवून मागे नेऊन जोडली होती, म्हणून मागून पाहणाऱ्याला ती कंपनीचीच वाटते. मधला पत्रा ड्रमचा असावा. एका कडेला जुन्या छापाची पुसट अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत. जोड गॅसचा, पितळ ओतून केलेला, कारण विजेच्या वेल्डिंगने इतका पातळ पत्रा जळतो. आणि बाकाखाली लोखंडी पेटी निघाली, कडी-कोयंड्याची, आत दोर बांधायच्या रिंगा. वडापवाल्याला हत्यारांची कुलूपबंद पेटी लागत नाही. मी हे मिस्त्रींच्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, ‘पेटीत पाशिंजरचं गठुडं ठेवायचं.’

पुण्यातल्या एका जाणकाराने सुचवलं, की ती केबिन काढून टाका, मूळ केबिन शोधून बसवा, मग गाडीला किंमत येईल. कायदाही त्याच अंगाने बोलतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली, मोठे बदल न केलेली गाडीच व्हिंटेज ठरते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. त्याआधी, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की कंपनीने ठरवलेल्या रचनेला सोडून गाडीत फेरफार चालणार नाही. रस्त्यावरची सुरक्षा पाहता मला ते पटतं. आजच्या नव्या गाडीला कोणी असं कापलं, तर मी स्वतः त्यात बसणार नाही. पण या गाडीचं मूळ रूप म्हणजे शोरूममधलं पहिलं वर्षच का धरायचं? पुढची सगळी वर्षं ती तीन दरवाजांनी जगली. जे दुर्मिळ आहे ते हेच. दोन दरवाजांच्या एफसी शोधल्या तर सापडतील.

तेव्हा पाटीचा नाद सोडला. गाडी शेताच्या वाटेवर चालेल, मोठ्या रस्त्यावर जाणार नाही. बदल केले ते मोजके आणि परत काढता येतील असे: वायरिंग नवं, डायनमोच्या जागी अल्टरनेटर, ब्रेकचे पाइप आणि सिलिंडर नवे, मागच्या बाकाला पट्टे. बाकाला फोम घातला, तर आत्याने बसून पाहिलं आणि म्हणाली, ‘एवढा मऊ? ह्याच्यावर गँग झोपली असती, खांब कोण उभं करणार हुतं?’ फोम निम्मा केला.

खरा तंटा शेवटी जोडावरून झाला. मला तो उघडा हवा होता. रंग लावा, पण पितळेची रेघ दिसू द्या, असा माझा आग्रह. मिस्त्रींचा मुलगा ऐकेना. ‘लांबी भरून, घासून सपाट करतो. जोड दिसला तर लोक म्हणतील, बापानं काम कच्चं केलं.’ बरीच घासाघीस झाल्यावर बाहेरून जोड झाकायचा आणि आत बाकामागे तसाच ठेवायचा असं ठरलं, आणि तेही त्याने ‘तिथं कोण बघतंय’ म्हणत मान्य केलं.