हुतात्मा, बोलपट आणि ‘कमेंटी’

मागच्या थ्रेडखाली एका वाचकाने विचारले होते : इतिहासाचे विद्यार्थी असूनही ‘पोस्ट’, ‘शेअर’, ‘थ्रेड’ असे शब्द आपण का वापरता? प्रश्न जुना आहे, आणि त्याची पाळेमुळे शोधायला मला नंदुरबारबाहेर जावे लागत नाही.

९ सप्टेंबर १९४२ रोजी येथे पोलिसांच्या गोळीबारात शाळकरी शिरीषकुमार मेहता व त्यांचे चार सोबती मारले गेले. त्यांच्या नावाआधी आपण ‘हुतात्मा’ लावतो. हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतला मानला जातो. महापौर, दिनांक, बोलपट हीदेखील त्याच टांकसाळीतली नाणी. त्यांतला ‘बोलपट’ मागे पडला. सगळेच चित्रपट बोलू लागल्यावर ते वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

सावरकर १९३८ च्या मुंबई साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याआधी दोन वर्षे, आपल्या खानदेशात जळगावला भरलेल्या संमेलनाचे अध्यक्षपद माधव जूलियनांकडे होते. मला हे गृहस्थ अधिक वेधक वाटतात. फारसीचे प्राध्यापक, फारसी-मराठी कोशाचे कर्ते, उमर खय्यामच्या रुबायांचे अनुवादक. आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल. पुढे त्यांनीच ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकीय शब्दांविरुद्ध बाजू मांडली. टोपणनाव मात्र ‘जूलियन’च राहिले!

त्याच्याही कितीतरी आधी, शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. तरीही कागद, दुकान, वकील आपल्याकडे नांदतच आहेत. शब्द मराठी झाला की नाही, हे मी त्याच्या व्याकरणावरून ओळखतो. ‘तिकीट’चे ‘तिकिटाला’ झाले, तेव्हाच ते आपले झाले. ‘कमेंट्स’ अजून ओसरीवर आहेत. ‘कमेंटी’ म्हणणाऱ्याने त्यांना माजघरात घेतले.

माझ्या वर्गात भिली, पावरी, अहिराणी बोलत वाढलेले मित्र आहेत. त्यांच्यासाठी ‘भ्रमणध्वनी’ आणि ‘मोबाइल’ दोन्ही बाहेरचेच. फरक इतकाच की दुसरा खिशात असतो. लिहिण्याआधी पहिला शिका, अशी अट घातली तर यांतले काही जण लिहिणारच नाहीत. मला शुद्धतेपेक्षा त्या न लिहिल्या जाणाऱ्या मजकुराची चिंता अधिक वाटते.

पर्याय घडवूच नयेत, असे मात्र मी म्हणत नाही. इंडोनेशियातही लेखकांच्या समाजमाध्यमी भाषेत इंग्रजी शब्द भरपूर आहेत. तरी ‘डाउनलोड’साठी तेथे ‘उंदुह’ रुळला. तो आला जावानीज बोलीतून, आणि तिथे त्याचा संबंध झाडावरचे फळ तोडण्याशी आहे. आपण मात्र नवा शब्द हवा झाला की थेट संस्कृतच्या दारात उभे राहतो. वाटेत सातपुडा आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

तुमच्या घरच्या बोलीत झाडावरून फळ उतरवण्याला काय म्हणतात? कमेंटींत लिहा.